कुत्र्याच्या पाठीत सोडलेलं आयोडीन

काल रात्रीपर्यंत दारावरची बेल वाजली की घसरत-धडपडत धावत येणारा डॅशहंड सकाळी मागचे दोन्ही पाय फरफटत येतो. विजापूर रोडवरचा फ्लॅट असो की जुळे सोलापुरातला बंगला, घरच्यांचा पहिला अंदाज एकच असतो : दिवाणावरून उडी मारली, हाड मोडलं. दवाखान्यात एक्स-रे निघतो. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात आणि सांगतात, हाडं सगळी शाबूत आहेत, मणके ओळीत आहेत, कुठे चीरही नाही. मग कुत्रा उठत का नाही?

डॉक्टरांचं पुढचं वाक्य ऐकून घरचे आणखी घाबरतात. ‘पाठीत डाय सोडून बघावं लागेल.’ म्हणजे पूर्ण भूल, मणक्यात सुई आणि वर कसलंसं औषध. अशा तपासणीनंतर अमक्याच्या लॅब्रॅडॉरला झटके आले, हे कुणीतरी ऐकलेलं असतं. दुसरं कुणी सांगतं, आमच्या सासऱ्यांना किडनीच्या तपासणीत डाय दिली होती, काही झालं नाही. दोघंही खरंच बोलत असतात. पण सासऱ्यांच्या शिरेत दिलेली ती जुन्या प्रकारची डाय कुत्र्याच्या मणक्यात सोडली, तर कुत्रं दगावू शकतं. उलट मणक्यासाठी चालणारी डाय योग्य मात्रेत दिली, तर बहुसंख्य कुत्री काही न होता घरी जातात. म्हणजे घाबरायला कारण आहे, फक्त लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात.

एक्स-रेला काय दिसत नाही

एक्स-रे म्हणजे सावल्यांचं चित्र. ज्या पदार्थातले अणू जड, तो किरण जास्त अडवतो आणि फिल्मवर पांढरा उमटतो. हाडात कॅल्शियम असतं, त्याचा अणुक्रमांक २०. मांस, चेतातंतू, पाणी हे सगळं मुख्यत्वे हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचं. त्यांचे अणुक्रमांक १, ६, ७ आणि ८. त्यामुळे मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू, त्याच्या भोवतीचं पाणी आणि दोन मणक्यांमधली गादी, तिन्ही फिल्मवर सारख्याच करड्या रंगात मिसळून जातात. चालण्याचा निरोप मेंदूपासून पायापर्यंत नेणारा मज्जारज्जूच एक्स-रेत वेगळा दिसत नाही.

आणि बिघाड बहुतेक वेळा तिथेच असतो. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ, बुळबुळीत गाभा. डॅशहंड, पेकिनीज, बीगल अशा जातींत हा गाभा वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच सुकायला लागतो आणि त्यात चुना साचतो. कडं एके दिवशी फाटतं आणि गाभ्याचा चुरा वरच्या बाजूला, थेट मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. दिवाणावरची उडी हे निमित्त. गादी आतून कधीचीच खराब झालेली असते. स्वीडनचे पशुवैद्य हान्स-योर्गन हान्सेन यांनी १९५२ साली गादी फुटण्याचे आणि नुसती फुगण्याचे असे दोन प्रकार वेगळे केले. आजही पशुवैद्य त्यांच्याच नावाने हे प्रकार ओळखतात. गादी लवकर सुकते यामागचं आनुवंशिक कारण २०१७ मध्ये सापडलं : वाढीशी संबंधित एका जनुकाची जादा प्रत, कुत्र्याच्या १२व्या गुणसूत्रावर. हीच जादा प्रत पायही आखूड करते. ज्या बुटक्या पायांचं आपण कौतुक करतो, त्यांच्याच मागोमाग हे दुखणं येतं.

कुत्र्याच्या पाठीला मानेचे ७, छातीचे १३ आणि कंबरेचे ७ मणके असतात. गाद्या जास्त फुटतात त्या छाती संपून कंबर सुरू होते तिथे. त्याच्या पुढे, छातीच्या मधल्या भागात, डाव्या-उजव्या बरगड्यांची टोकं जोडणारा एक आडवा अस्थिबंध गादीवरून जातो आणि गाभ्याला वर येऊ देत नाही. हे संरक्षण जिथे संपतं, तिथूनच गडबड सुरू होते. तरीही नक्की कुठली गादी फुटली आणि चुरा डावीकडे आहे की उजवीकडे, हे कळल्याशिवाय सर्जनला सुरी लावता येत नाही. चुकीच्या बाजूने मणका उघडला तर कुत्र्याला फुकटची जखम आणि चुरा जिथल्या तिथे.

पांढऱ्या दोन रेघा

यावरची जुनी आणि आजही उपयोगी पडणारी युक्ती म्हणजे मायलोग्राम. मज्जारज्जूभोवती आवरणं असतात आणि त्यांच्या आत पाण्यासारखा नितळ द्रव फिरत असतो. या द्रवात एखादा जड अणू मिसळला, तर एक्स-रेत द्रव पांढरा दिसेल आणि त्याच्या मधोमध मज्जारज्जूची आकृती उमटेल. त्यासाठी आयोडीन निवडलं गेलं. त्याचा अणुक्रमांक ५३, म्हणजे कॅल्शियमच्या अडीचपटीहून जास्त.

कुत्र्याला पूर्ण भूल दिली जाते, कारण सुई आत असताना त्याने एकदा जरी अंग झटकलं तरी मज्जारज्जूला इजा होईल. कंबरेवरचे केस भादरून, कातडी निर्जंतुक करून, पाचव्या आणि सहाव्या कमरेच्या मणक्यांमधून लांब, बारीक सुई आत सरकते. योग्य जागी पोचली की शेपटी किंवा मागचा पाय किंचित उडतो आणि सुईच्या मागच्या तोंडाशी नितळ द्रवाचा एक थेंब जमतो. हा थेंब वाया घालवत नाहीत. द्रव आधी तपासणीसाठी घेतात. त्याला कारण आहे. डाय सोडल्यावर आवरणांना थोडी सूज येते आणि द्रवातल्या पेशी वाढतात, मग नमुना विश्वासाचा राहत नाही. शिवाय द्रव गढूळ निघाला, आत संसर्ग किंवा मोठी सूज असल्याचा संशय आला, तर तपासणी तिथेच थांबवणं शहाणपणाचं.

मग शरीराच्या तापमानाइतकी कोमट केलेली डाय हळूहळू सोडतात. आधी अर्धा मिलिलिटरभर. एक फिल्म घेऊन ती योग्य जागी गेली ना हे पाहायचं, मग उरलेली. बाजूने घेतलेल्या फिल्मवर पाठीच्या कण्यातून दोन पांढऱ्या रेघा धावताना दिसतात, एक मज्जारज्जूच्या वर, एक खाली. जिथे गादी फुटलेली असते तिथे खालची रेघ वर ढकलली जाते, बारीक होते, कधी दोन्ही रेघा मध्येच नाहीशा होतात. शिकाऊ डॉक्टरलाही कळेल इतकं ते स्पष्ट असतं. मग पोटावरून सरळ आणि तिरक्या फिल्म घेऊन बाजू ठरवतात.

सुई कंबरेत टोचण्याऐवजी डोक्याच्या मागे, कवटी आणि मानेच्या सांध्यातही टोचता येते. हातखंडा असलेल्याला ती जागा सोपी वाटते. पण तिथून सोडलेली डाय मेंदूच्या अगदी उंबरठ्यावर असते.

खसखशीच्या तेलापासून सुरुवात

या तपासणीला शंभर वर्षं झाली आणि त्यातली बरीचशी वर्षं चुकीच्या औषधांसोबत गेली. १९१९ मध्ये अमेरिकन सर्जन वॉल्टर डँडी यांनी मणक्यात हवा भरून चित्र काढण्याची कल्पना मांडली. हवेने अपाय कमी, पण चित्रही धूसर. पॅरिसमध्ये १९२१च्या सुमारास सिकार आणि फोरेस्तिए या डॉक्टरांनी लिपिओडॉल वापरलं. ते म्हणजे आयोडीन जोडलेलं खसखशीचं तेल. चित्र झकास आलं; पण तेल पाण्यात मिसळत नाही की शरीरात विरत नाही. ते वर्षानुवर्षं मणक्यात तसंच पडून राहायचं. १९४४ पासून वापरात आलेलं दुसरं तेलकट औषध तपासणी संपल्यावर सुईतून परत ओढून काढावं लागे, आणि उरलेल्या थेंबांनी मज्जारज्जूची आवरणं एकमेकांना चिकटून कायमचं दुखणं मागे लागलेले रुग्ण पुढे कितीतरी निघाले. त्याआधी, १९३०च्या दशकात, थोरियमचं एक औषधही वापरून झालं होतं. चित्रं सुरेख यायची. पण औषध किरणोत्सारी आणि शरीरातून बाहेर न पडणारं, त्यामुळे काही दशकांनी कॅन्सर.

तेलं नकोत म्हणून पाण्यात विरघळणारी आयोडीनची औषधं आली. शिरेत ती ठीक चालली. मणक्यात मात्र त्यांनी हाहाकार केला.

मीठ लावलेली कैरी

हे असं का व्हावं, हे स्वयंपाकघरातच कळतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटतं. बाहेर विरघळलेले कण जास्त आणि फोडीच्या आत कमी, म्हणून पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं. विरघळलेल्या कणांची ही दाटी मोजता येते. रक्ताची आणि मणक्यातल्या द्रवाची दाटी साधारण २९० ते ३०० असते. जुन्या पाण्यात विरघळणाऱ्या डायची दाटी १५०० ते २०००, म्हणजे पाच ते सातपट. हाताच्या शिरेत ती गेली तर वाहत्या रक्तात झटकन पातळ होते. थोडी उष्णता वाटते, मळमळतं, आणि ओसरतं. मणक्यातला द्रव मात्र संथ आणि मोजका. तिथे चेतापेशी आणि त्यांची आवरणं त्या दाट द्रवात अडकून बसतात.

दाटी एवढी वाढण्याचं कारण त्या रेणूतच आहे. जुनं औषध म्हणजे एक प्रकारचा क्षारच. पाण्यात पडताच त्याचे दोन तुकडे होतात, एक धनभारित, एक ऋणभारित. आयोडीनचे तीन अणू मिळवायला दोन कण खर्ची पडतात. शिवाय चेतापेशींचं सगळं कामकाजच विद्युतभारावर चालतं, तिथे हे भारित कण घुसले की पेशी कारण नसताना पेट घेतात. परिणाम असा : भुलीतून उठता उठता मागच्या पायांना आचके येतात, ते पाठीतून वर सरकत पुढच्या पायांत आणि मग सर्वांगात पसरतात, ताप भडकतो, स्नायूंची नासाडी होते. चुकून हे औषध मणक्यात गेल्यावर माणसं आणि कुत्री दोन्ही दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

यावरचा उतारा स्वीडिश रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टेन आल्मेन यांना सुचला. स्वीडनच्या पूर्वेचा बाल्टिक समुद्र कमी खारा, पश्चिमेचा जास्त. पाण्यात डोळे उघडले की पश्चिमेकडे जास्त झोंबतात, हे त्यांना ठाऊक होतं. रुग्णांना होणारी आगही अशीच कणांच्या दाटीमुळे होत असेल, तर रेणू असा बांधावा की तो पाण्यात विरघळेल पण फुटणार नाही. तीन आयोडीन, एकच कण आणि भार शून्य. त्यांचा लेख वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारला. शेवटी १९६९ मध्ये तो सैद्धांतिक जीवशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. नॉर्वेतल्या नीगार्ड कंपनीने कल्पना उचलली. त्यातून आलेलं पहिलं औषध मेट्रिझामाइड. ते भुकटीच्या रूपात यायचं आणि ऐनवेळी पाण्यात मिसळावं लागायचं. कुत्र्यांत त्याने झटके बऱ्याचदा यायचे, पण आधीच्या औषधांपेक्षा ते कितीतरी बरं होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयोपामिडॉल आणि आयोहेक्सॉल आली. जगभर कुत्र्यांच्या मायलोग्रामसाठी आज सर्वांत जास्त वापर आयोहेक्सॉलचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

आयोहेक्सॉलही द्रवाइतकं पातळ नाही, हे लक्षात ठेवायला हवं. एका मिलिलिटरमध्ये २४० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या बाटलीची दाटी ५२०च्या आसपास, ३०० वाल्या बाटलीची ६७०च्या आसपास. पावणेदोन ते सव्वादोनपट. म्हणून मात्रेला महत्त्व.

आता बाटलीकडे नीट पाहू. जुनं औषध बाजारातून गेलेलं नाही. डायाट्रिझोएट मूत्रमार्गाच्या आणि आतड्यांच्या तपासणीसाठी आजही मिळतं, स्वस्त पडतं. बाटली तशीच काचेची, आत तसंच नितळ पाण्यासारखं औषध, नावात तसंच काहीतरी ‘ग्राफ’. लेबलवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं : ‘नॉट फॉर इंट्राथीकल यूज’. इंट्राथीकल म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात. तेवढी एक ओळ वाचायची राहिली की जीव जातो. आणखी एक खोच आहे. आयोहेक्सॉलच्याच १४० आणि ३५० आकड्यांच्या बाटल्यांवर, त्या मणक्यात देऊ नयेत असा इशारा असतो. म्हणजे नाव बरोबर असूनही आकडा चुकू शकतो. कुत्र्यांसाठी २४० किंवा ३००. प्राण्यांच्या दवाखान्यात ही औषधं बहुधा माणसांच्याच औषधविक्रेत्याकडून येतात आणि ‘एक डायची बाटली द्या’ एवढ्या निरोपावर काहीही येऊ शकतं. माझ्या मते या सगळ्या तपासणीतला सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि तो टाळायला एक पैसाही लागत नाही.

मोठ्या कुत्र्याचं गणित

बाटली योग्य असली तरी झटक्यांची शक्यता शून्य होत नाही. ती कुणाला जास्त, हे मोजलं गेलं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत आयोहेक्सॉलने मायलोग्राम केलेल्या १८२ कुत्र्यांपैकी ३९ना झटके आले. २० किलोंपेक्षा जड कुत्र्यांत शक्यता लहान कुत्र्यांच्या सुमारे ३५ पट. २०११ मध्ये छापलेल्या दुसऱ्या पाहणीत ५०३ कुत्री होती, झटके आले १५ना, म्हणजे शंभरात तीन. दोन्ही आकड्यांत बरंच अंतर आहे. कुत्री किती मोठी, सुई कुठे टोचली, डाय किती सोडली यावर ते बदलतं. कारणांबाबत मात्र दोन्ही पाहण्या एकच सांगतात : कुत्रं मोठं असणं, सुई कंबरेऐवजी मानेत टोचणं आणि डायची एकूण मात्रा जास्त असणं. दुसऱ्या पाहणीत झटके आलेल्यांना सरासरी पावणेबारा मिलिलिटर डाय गेली होती, न आलेल्यांना साडेचारच्या आसपास.

मात्रा वजनावर काढतात, किलोमागे साधारण पाव ते ०.४५ मिलिलिटर. सहा किलोच्या डॅशहंडला किलोमागे ०.३ धरले तर १.८ मिलिलिटर. तीस किलोच्या जर्मन शेफर्डला त्याच हिशेबाने ९. पण शेफर्डचं वजन पाचपट असलं तरी त्याचा कणा पाचपट लांब नसतो आणि कण्यातला द्रवही त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी मोठ्या कुत्र्याच्या मेंदूपर्यंत जास्त डाय पोचते. अनुभवी डॉक्टर म्हणूनच जड कुत्र्यात किलोच्या हिशेबाला मध्येच लगाम घालतात आणि एकूण मात्रा आठ मिलिलिटरच्या वर जाऊ नये असं पाहतात.

सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात गावोगाव दिसणारी कारवानी जात इथे आठवते. लांब पाय, पाठीची कमान, अंगावर चरबी नावाला. कारवानीची गादी डॅशहंडसारखी तरुणपणी सहसा फुटत नाही; ही कुत्री दवाखान्यात यायची ती मोटारसायकलच्या धडकेने किंवा विहिरीत पडल्याने. वजन वीस-तीस किलो, म्हणजे झटक्यांच्या बाबतीत जोखमीच्या गटात. शिवाय ग्रेहाउंडसारख्या सडपातळ शिकारी कुत्र्यांना भुलीची काही जुनी औषधं उतरायला फार वेळ लागतो, हे ठाऊक असलेले डॉक्टर कारवानीलाही तसंच जपतात. गंमत बघा : डॅशहंडचा मालक रात्रभर जागतो, आणि ज्याने खरं तर चार प्रश्न जास्त विचारायला हवेत तो कारवानीचा मालक ‘आमचं कुत्रं दणकट आहे’ म्हणून निश्चिंत असतो.

झटके सहसा भुलीतून उठताना किंवा त्यानंतरच्या काही तासांत येतात. म्हणून डाय सोडल्यावर कुत्र्याचं डोकं उशीने उंच ठेवतात, म्हणजे जड डाय उताराने मेंदूकडे न जाता कंबरेकडे राहते. डायझेपामचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवतात. बहुतेक झटके त्याने आटोक्यात येतात आणि मागे काही ठेवत नाहीत. काही कुत्र्यांचं चालणं तपासणीनंतर एक-दोन दिवस आधीपेक्षा बिघडतं, हेही मालकाला आधी सांगायला हवं. नाहीतर कुत्रं डायने अधू झालं अशी हाकाटी होते.

शेवटी डाय जाते कुठे? मणक्यातल्या द्रवातून ती रक्तात शोषली जाते आणि मूत्रपिंडं ती जशीच्या तशी लघवीतून बाहेर टाकतात, बहुतांश एका दिवसात. मूत्रपिंडं धड असली आणि अंगात पाणी असलं की काम झालं. म्हणून आधी क्रिएटिनिन तपासायचं आणि सलाइन चालू ठेवायचं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४३ला टेकतो. दोन दिवस न खाता-पिता पडलेलं कुत्रं तेव्हा आधीच कोरडं पडलेलं असतं. त्याला आधी पाणी, मग डाय.

एक गैरसमज इथेच मिटवून टाकू. ‘आमच्या कुत्र्याला बेटाडीन लावलं की कातडी लाल होते, त्याला आयोडीन चालत नाही,’ असं मालक सांगतात. आयोडीन हे मूलद्रव्य मिठातही असतं, थायरॉइडलाही लागतं. बेटाडीनमध्ये ते मोकळं होतं. डायमध्ये ते रेणूला घट्ट जखडलेलं असतं. एकाने कातडी लाल झाली म्हणून दुसऱ्याला नकार देता येत नाही.

---

चौकट : सही करण्याआधी विचारून घ्या

डायचं नाव काय आणि बाटलीवर आकडा कोणता? आयोहेक्सॉल किंवा आयोपामिडॉल, आणि मणक्यासाठी चालणारा आकडा, असं उत्तर हवं.

सुई कंबरेत की मानेत? कंबरेत जमत असेल तर कंबरेतच.

एकूण किती मिलिलिटर? कुत्रं वीस किलोंच्या वर असेल तर हा प्रश्न आवर्जून.

क्रिएटिनिन पाहिलं का? रात्री कुत्र्याजवळ कोण थांबणार, झटक्यांचं औषध तयार आहे का?

मणक्यातल्या द्रवाचा नमुना डायच्या आधी घेणार ना?

---

एमआरआयची डाय वेगळी

आता मोठ्या शहरांत कुत्र्यांचाही सीटी स्कॅन आणि एमआरआय होतो. सीटीत डॅशहंडच्या गादीतला चुन्याचा चुरा बऱ्याचदा कसलीही डाय न देता दिसतो. तो आधीच पांढरा असतो. एमआरआय तर मज्जारज्जू थेट दाखवतो, त्याची सूजही. साध्या गादीच्या दुखण्यात तिथे डायची गरज सहसा पडत नाही.

गाठ किंवा दाहाचा संशय असेल तर एमआरआयमध्ये गॅडोलिनियम देतात. याचं काम आयोडीनसारखं किरण अडवण्याचं नाही. हा चुंबकीय धातू. आसपासच्या पाण्यातल्या हायड्रोजनचं वागणं बदलतो आणि ती जागा चित्रात उजळते. मोकळा गॅडोलिनियम विषारी, म्हणून तो मोठ्या रेणूत बांधून देतात. या रेणूंचे दोन घाट आहेत, सरळ साखळीचे आणि बंद कड्याचे. २००६ मध्ये लक्षात आलं की मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसांत गॅडोलिनियमनंतर कातडी आणि अवयव कडक होण्याचा एक गंभीर आजार होतो, आणि तो मुख्यतः साखळीवाल्या औषधांमुळे. पुढे मेंदूतही त्याचा अंश साचतो असं दिसलं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये साखळीवाल्या काही औषधांवर बंदी घातली. कड्यात बांधलेला धातू सहजी सुटत नाही.

कुत्र्यांत गॅडोलिनियम पायाच्या शिरेत दिलं जातं, ठरलेल्या एकाच मात्रेत, आणि अपाय विरळा. पण ते मणक्यातल्या द्रवात सोडायचं औषध नव्हे. तिथे ते चुकून गेलं तर मेंदूवर गंभीर परिणाम होतात, हे माणसांतल्या घटनांवरून माहीत आहे.

सोलापूरहून निघताना

शहरात माणसांसाठी स्कॅन सेंटरं रग्गड. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवचे रुग्ण सोलापुरात येतात. कुत्र्याला मात्र बहुधा पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागते. मुंबईत परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं, तिथे सीटी-एमआरआय आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी भूल देणारे आणि मणक्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हजर आहेत का, हे विचारा. नुसतं यंत्र असून भागत नाही.

सगळ्यांनाच जावं लागत नाही. कुत्रं दुखण्याने कण्हतंय पण चालतंय, अशा वेळी डॉक्टर पिंजऱ्यात चार आठवडे सक्त विश्रांती सांगतात आणि बरीच कुत्री तेवढ्यावर सुधारतात. त्यांना ना डाय लागते ना स्कॅन. घाई लागते ती पाय पूर्ण गेले असतील तर. डॉक्टर चिमट्याने मागच्या पायाचं बोट जोरात दाबतात. पाय आखडला तर ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते, तो संवेदना शाबूत असल्याचा पुरावा नव्हे. कुत्रं मान वळवून बघतं का, ओरडतं का, ते महत्त्वाचं. वेदना मेंदूपर्यंत पोचत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर दहातली साधारण नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती हरपली असेल तर निम्मीच.

अडीचशे किलोमीटरचा पुण्याचा रस्ता कुत्र्याने गाडीत इकडेतिकडे लोळत करायचा नाही. एक रुंद फळी घ्या, वर चादर घाला, सोलापुरी असली तर उत्तमच, आणि छाती व कंबर सैल पट्ट्यांनी फळीला बांधा. पाय गेलेल्या कुत्र्याला लघवीही करता येत नाही. मूत्राशय दाबून कसं रिकामं करायचं, हे निघण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. घरातल्या पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेनच्या गोळ्या देऊ नका. कुत्र्याच्या पोटाला, यकृताला आणि मूत्रपिंडांना त्या घातक ठरतात, आणि मूत्रपिंडं तर डाय बाहेर काढायला लागणारच आहेत. इथे दिलेल्या औषधांची, विशेषतः स्टेरॉइडची, चिठ्ठी सोबत ठेवा. आणि बोट दाबल्यावर कुत्र्याने वळून पाहिलं नसेल, तर सोमवारी दवाखाना उघडायची वाट बघू नका, शनिवारी रात्रीच गाडी काढा.